गाठ साधी, निदान अवघड

शरीरावर उठणाऱ्या उंचवट्यांना मराठीत शब्दांची उणीव नाही. मार लागून येते ते टेंगूळ, पिकते ते गळू, मांडीच्या सांध्यात दुखरे होऊन येते ते बेंड आणि वर्षानुवर्षे तसेच राहते ते आवाळू. यांतील प्रत्येक शब्द ऐकताच कारण आणि परिणाम दोन्ही ध्यानात येतात. परंतु मांडीच्या वा पोटरीच्या खोल भागात हळूहळू वाढणारी, न पिकणारी, न फुटणारी आणि पुष्कळदा न दुखणारी जी वस्तू हाताला लागते, तिला आपल्या बोलीत ‘गाठ’ यापलीकडे नाव नाही. या एका शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन टोकांच्या समजुती उभ्या असतात. ‘चरबीची असेल’ असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरविणारी एक, आणि ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारण्याच्याही आधी रात्रीची झोप घालविणारी दुसरी. या दोन समजुतींच्या मधल्या प्रदेशात काही विरळ रोग वसतात. ते मारक नसतात. परंतु त्यांना निरुपद्रवी म्हणणेही सत्याला धरून होणार नाही.

हाडे वगळून पायात जे उरते, म्हणजे चरबी, स्नायू, कंडरा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि सांध्यांची आतली अस्तरे, त्या सर्वांना वैद्यक मृदू ऊती म्हणते. यांपैकी प्रत्येक ऊतीपासून गाठ उद्भवू शकते. आणि मांडी हा शरीरातील मोठ्यात मोठ्या स्नायूंचा प्रदेश असल्याने तेथे लपावयास जागाही भरपूर. मृदू ऊतींच्या मारक गाठींच्या तुलनेत सौम्य गाठी सुमारे शंभर पटींनी अधिक, असे वैद्यकाचे ग्रंथ सांगतात. या शंभरांत चरबीच्या गाठी सर्वांत जास्त आढळतात. खरी अडचण येथेच सुरू होते. गावातल्या वा गल्लीतल्या डॉक्टरच्या हाताखालून चरबीच्या गाठी नित्य जातात. मज्जातंतूच्या आवरणाची किंवा सांध्याच्या अस्तराची गाठ मात्र त्याला कित्येक वर्षांत एखादी भेटते. तेव्हा ‘चरबीची असेल’ हा त्याचा तर्क बहुतेक वेळा बरोबर ठरतो, आणि पुन्हापुन्हा बरोबर ठरल्यामुळेच तो तपासून पाहण्याची सवय मोडते.

सौम्य या शब्दाचा वैद्यकातील अर्थ मर्यादित आहे. जी गाठ आपली जागा सोडून फुप्फुसात किंवा अन्यत्र बीज पेरीत नाही, ती सौम्य. पण जागच्या जागी ती सांधा कुरतडू शकते, मज्जातंतू दाबू शकते, आणि काढल्यावर पुन्हा उगवू शकते. हे ज्ञान आजकालचे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचा विचार शेजारी शेजारी केला असला तरी त्या दोन वस्तू वेगळ्या मानल्या आहेत. अर्बुद खोल मुळाचे, मोठे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असते, अशी त्याची लक्षणे तेथे सांगितली आहेत. पुढे चिकित्सास्थानात शल्यकर्म करणाऱ्याला बजावले आहे, की अर्बुदाचा अंश मागे ठेवला तर ते पुन्हा उत्पन्न होते. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळात केवळ डोळा आणि हात यांच्या बळावर केलेले हे निरीक्षण विलक्षण म्हटले पाहिजे.

डोळा आणि हात यांचे महत्त्व आजही उणावलेले नाही. रोग्याला प्रथम उभे करावे, मग निजवावे, एवढ्याने देखील पुष्कळ उलगडा होतो. नडगीच्या पुढल्या बाजूला उभे राहिल्यावर दिसणारा आणि आडवे होताच नाहीसा होणारा फुगवटा ही बहुधा गाठ नसतेच. स्नायूवरील आवरणाला पडलेल्या फटीतून स्नायूच बाहेर डोकावत असतो. गुडघ्याच्या लवणीतली सूज पाय सरळ केला असता टणक आणि वाकवला असता मऊ लागत असेल, तर ती सांध्यातील वंगणाची पिशवी असण्याचा संभव मोठा. लंडनचे शल्यविशारद विल्यम मॉरंट बेकर यांनी 1877 मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला आजही त्यांचे नाव आहे. पाय खाली सोडला की भरणारी आणि उशीवर वर ठेवला की ओसरणारी मऊ सूज रक्तवाहिन्यांची असते. अशा सुजेत कधीकधी चुन्याचे बारीक गोल खडे होतात, आणि साध्या क्ष-किरण चित्रातही ते मण्यांसारखे दिसतात. मज्जातंतूची गाठ आडवी हलते, उभी हलत नाही. कारण तंतू तिला दोन्ही टोकांकडून धरून असतो.

यानंतर चार प्रश्न उरतात. गाठ पाच सेंटिमीटरांहून, म्हणजे एखाद्या मोठ्या लिंबाहून मोठी आहे काय? ती कातडीखालच्या चरबीत सुटी आहे, की स्नायूंच्या आवरणाखाली खोल आहे? ती वाढत आहे काय? पूर्वी एकदा काढलेली असून पुन्हा आली आहे काय? यांतील एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर तिला दवाखान्यातल्या टेबलावर हात लावता कामा नये. चित्रण आणि तज्ज्ञ यांच्याकडेच तिची रवानगी व्हावयास हवी. दुखण्याचा मुद्दा यांत मुद्दाम वेगळा ठेवला आहे. ‘दुखत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा लौकिक समज येथे उलटा पडतो. मृदू ऊतींच्या मारक गाठी आरंभी बहुधा दुखत नाहीत. उलट काही सौम्य गाठी दुखण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. शिरेच्या भिंतीतील स्नायूपासून होणारी वाटाण्याएवढी गाठ मध्यम वयाच्या स्त्रियांच्या पायात होते, आणि तिच्यावर लुगड्याचा काठ घासला तरी कळ मस्तकात जाते. ग्लोमस नावाची दुसरी गाठ तर थंड पाण्याच्या स्पर्शानेही चेतते. ती बहुधा बोटांच्या नखाखाली होते. गुडघ्याजवळ किंवा मांडीत क्वचित झाली की बाहेरून काहीच दिसत नाही, आणि दुखण्याचे सोंग केल्याचा आरोप रोग्याच्या माथी येतो. या दोन्ही गाठी नीट काढल्या की दुखणे जाते.

चित्रणाचा आरंभ ध्वनिलहरींच्या तपासणीने होतो. ती स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते, आणि गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, तिच्यात रक्त खेळते की नाही, हे ती सांगते. खोल आणि भरीव गाठीला मात्र एम. आर. आय. हवा. या यंत्रात चरबी चरबीसारखीच दिसते. त्यामुळे शुद्ध चरबीच्या गाठीची ओळख येथेच पटते. आणि मांडीतल्या मोठ्या, खोल गाठीत चरबीच्या मधून जाड पडदे दिसू लागले, तर ती साधी नसावी अशी शंकाही येथेच येते. पाण्यासारखी लकाकणारी, स्नायूच्या पोटात बसलेली गोल गाठ बहुधा मिक्सोमाची असते. ती काढल्यावर सहसा परतत नाही; तिच्याविषयी याहून अधिक सांगण्याजोगे थोडे आहे.

मज्जातंतूची गाठ मात्र थोडे थांबावयास लावते. मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या पेशी जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वॉन यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिल्या, आणि त्यांच्यापासून होणारी गाठ श्वॉनोमा म्हणून ओळखली जाते. मूळचे उरुग्वेचे आणि प्राग येथे काम करणारे होसे व्हेरोकाय यांनी 1910 मध्ये तिची सूक्ष्म रचना उलगडली. पोटरीत किंवा घोट्याच्या मागे ती झाली, तर रोगी तळपायाला मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखे होते, अशी तक्रार करतो. अशा वेळी कमरेतल्या मणक्यांवर संशय जातो. पाठीची चित्रे निघतात, पट्टे बांधले जातात, आणि पोटरी कोणी चाचपून पाहत नाही. वस्तुतः गाठीवर बोटाने हलकेच टिचकी मारली असता तळपायात मुंग्या उमटतात. फ्रेंच वैद्य ज्यूल तिनेल यांनी 1915 मध्ये, महायुद्धातील जखमी सैनिक तपासताना, नोंदविलेली ही खूण आहे. तिला यंत्र लागत नाही.

या गाठीत तंतूंचे बहुतेक धागे बाजूला सारलेले असतात, गाठीच्या आतून जात नाहीत. म्हणून भिंगाखाली आवरण उभे चिरून, शेंगेतून दाणा सोडवावा तशी ती सोडविता येते, आणि तंतू शाबूत राहतो. तिची सख्खी बहीण शोभेल अशा न्यूरोफायब्रोमात मात्र धागे गाठीतूनच गेलेले असतात. तेथे हा उपाय इतका सोपा नसतो. ही गाठ चरबीची समजून एखाद्याने सरसकट कापून काढली, तर तिच्यासह मज्जातंतूही जातो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने पाऊल उचलणाऱ्या स्नायूंकडे जो तंतू जातो, तो असा तुटला की पाऊल लोंबू लागते. चालताना चप्पल निसटते, जिन्याच्या पायरीला अंगठा ठेचाळतो. माणूस एका निरुपद्रवी गाठीपायी कायमचा अधू होतो. सौम्य गाठीच्या बाबतीत रोगापेक्षा घाईचे भय अधिक, ते या अर्थाने.

गुडघ्याच्या आतल्या अस्तराची गाठ ही दुसरी फसवी वस्तू. पॅरिस आणि इतरत्र एकोणिसाव्या शतकापासून तिची वेगवेगळी रूपे नोंदली जात होती; 1941 मध्ये जॅफे, लिक्टेनस्टाइन आणि सुत्रो या तिघांनी ती एकाच रोगाची रूपे असल्याचे मांडले. त्यांनी दिलेले लांबलचक नाव आता मागे पडले असून तिला महाकाय पेशींची अस्तरगाठ म्हणता येईल. विशी ते पन्नाशी या कर्त्या वयात ती होते. एकच गुडघा वारंवार सुजतो, पाणी काढले तर ते गढूळ तांबूस किंवा तपकिरी निघते, काही दिवस बरे जातात आणि सूज परतते. संधिवाताची औषधे वर्षे-दोन वर्षे चालतात. एम. आर. आय. केला की गुपित फुटते. अस्तरात पुनःपुन्हा रक्तस्राव होऊन लोहाचा गंज साचलेला असतो, आणि लोहामुळे चुंबकीय चित्रात ती जागा काळी पडते.

एकाच जागी गोळा झालेली अस्तरगाठ काढली की बहुधा प्रश्न मिटतो. सांधाभर पसरलेली असेल, तर पुढून-मागून दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया करूनही ती पुष्कळदा परतते, आणि हळूहळू हाड व कूर्चा खाते. 2006 मध्ये एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. गाठीतल्या थोड्याच पेशी खऱ्या अर्थाने बिघडलेल्या असतात. त्या एक विशिष्ट प्रथिन अतोनात निर्माण करतात आणि त्या हाकेला ओ देऊन इतर पेशींचा जमाव तेथे लोटतो. गाठीचा मोठा भाग म्हणजे हा बोलावून आणलेला जमावच. हाक बंद केली तर जमाव पांगेल, या विचाराने औषधे तयार झाली. त्यांपैकी पेक्सिडार्टिनिबला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. परंतु यकृताला गंभीर इजा करण्याचा दोष त्यात असल्याने ते कडक देखरेखीखालीच देण्याची अट घातली गेली. 2025 मध्ये तेथेच विमसेल्टिनिब या दुसऱ्या औषधाला मान्यता मिळाली. जो रोग प्राण घेत नाही, त्यासाठी यकृत पणाला लावावे काय, हा प्रश्न प्रत्येक रोग्यापुरता वेगळाच सोडवावा लागतो.

या मालिकेतील सर्वांत हट्टी गाठ डेस्मॉइड. ग्लासगोचे जॉन मॅकफार्लेन यांनी 1832 मध्ये तिचे वर्णन केले, आणि 1838 मध्ये योहान्नेस म्यूलर यांनी कंडरेसारख्या चिवटपणावरून ग्रीक भाषेतील बंधनवाचक शब्द घेऊन तिला नाव दिले. ती दूर पसरत नाही. पण तिला कडा नसते. स्नायूंत ती मुळ्यांसारखी शिरते, आणि शस्त्रक्रियेच्या वणातून पुन्हा उगवते. दीर्घकाळ तिच्यावर एकच उपाय होता, तो म्हणजे अधिक रुंद कापणे. परतली की आणखी रुंद. कित्येकांनी या पायरीपायरीच्या चढणीत पायाची हालचाल गमावली, काहींनी पायच.

या हट्टाला उत्तर मिळाले ते अनपेक्षित दिशेने. सोराफेनिब या औषधाची तुलना निर्गुण गोळीशी करणारी एक चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांची गाठ लक्षणीय प्रमाणात आकसली; परंतु निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकीही 20 टक्क्यांची आकसली! काहीही न करता पाचांपैकी एक गाठ आपण होऊन मागे हटते, याचा इतका स्वच्छ पुरावा पूर्वी नव्हता. 2020 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात पहिला उपाय म्हणून शस्त्रक्रियेला स्थान नाही. सुईने तुकडा घेऊन निदान पक्के करावे, आरंभी एक-दोन महिन्यांनी आणि मग काही महिन्यांच्या अंतराने चित्रे काढावीत, आणि गाठ खरोखरच वाढत वा छळत असेल तरच औषधांकडे वळावे, असा तो क्रम आहे. ‘नुसते पाहत राहा’ हा सल्ला रोग्याच्या घरी सहजी पचत नाही. वडीलधाऱ्यांना तो हलगर्जीपणा वाटतो, आणि दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरचा शोध सुरू होतो. पण येथे पाहत राहणे हीच चिकित्सा आहे.

औषधांची वेळ आलीच, तर मेथोट्रेक्झेट आणि विनब्लास्टिन यांच्या अल्प मात्रा हा जुना आणि तुलनेने स्वस्त मार्ग आहे. अमेरिकेत 2023 च्या नोव्हेंबरात मान्यता मिळालेले निरोगासेस्टॅट हे खास याच गाठीसाठीचे पहिले औषध. तरुण स्त्रियांच्या बीजकोशांच्या कार्यावर त्याचा परिणाम होतो, हे आधी समजावून सांगावे लागते. सोराफेनिबची कथा भारतीयांना विशेष जवळची आहे. मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कॅन्सरसाठी आलेल्या या औषधाचा महिन्याचा खर्च एके काळी सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होता. 9 मार्च 2012 रोजी मुंबईहून पेटंट नियंत्रकांनी ते बनविण्याचा सक्तीचा परवाना हैदराबादच्या नॅटको कंपनीस दिला, आणि किंमत नऊ हजारांच्या आत आली. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला परवाना. त्या निर्णयात डेस्मॉइडचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. पण कायद्याची एखादी कलमवारी नीट राबविली म्हणजे तिचा लाभ कुठवर पोचतो, याचे हे उदाहरण होय.

आता सुईच्या तपासणीविषयी. ‘सुई टोचली की गाठ चिडते’ हा समज खेड्यापासून महानगरापर्यंत सारखाच आढळतो. जाड पोकळ सुईने घेतलेला तुकडा हा खोल गाठीच्या निदानाचा पाया आहे, आणि त्याने सौम्य गाठ मारक होत नाही. काळजी घ्यावयाची ती निराळ्या गोष्टीची. सुईची वाट कोणत्या स्नायूतून जाईल, हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावे. म्हणजे गाठ मारक निघालीच, तर ती वाटही गाठीसोबत काढून टाकता येते. उघडा छेद घ्यावाच लागला, तर तो पायाच्या लांबीला धरून उभा असावा. आडवा छेद पुढील शस्त्रक्रियेचे क्षेत्र अकारण वाढवितो. बॉस्टनचे हेन्री मॅनकिन यांनी 1982 मध्ये हाडांच्या आणि मृदू ऊतींच्या गाठींच्या अशा तपासण्यांचा हिशोब मांडला, तेव्हा चुकीच्या रीतीने घेतलेल्या तुकड्यांमुळे काहींना टाळता येण्याजोगा अवयवच्छेद सोसावा लागल्याचे आढळले. 1996 मध्ये त्यांनी पुन्हा मोजणी केली. चित्र फारसे सुधारलेले नव्हते, आणि जेथे पुढचे उपचार होणार तेथेच तपासणी झाली असता चुका कितीतरी कमी होतात, हे पुन्हा दिसले.

एक गाठ मात्र अशी आहे, की जिच्यात घाईने घेतलेला तुकडाच फसवितो. खेळताना किंवा सायकलवरून पडून मांडीला जबर मार बसावा, आणि दोनतीन आठवड्यांनी तेथे टणक, दुखरी गाठ यावी. ही मार लागलेल्या स्नायूत बनू लागलेले हाड असू शकते. तिच्या मध्यभागातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मारक गाठीसारख्या भासतात. आणखी काही आठवडे थांबून क्ष-किरण चित्र काढले, तर कडेने अंड्याच्या कवचासारखी हाडाची रेषा उमटते आणि शंका फिटते. या काळात तिला तेल लावून चोळणे मात्र कटाक्षाने टाळावे. मालिशीने हाड वाढते, आणि गुडघा वाकेनासा होतो.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, आणि 2012 पासून राष्ट्रीय कर्करोग जालाच्या योजनेत देशभरची रुग्णालये एकमेकांशी जोडली जाऊ लागली. त्यामुळे नागपूर, इंदूर किंवा बेळगाव येथे घेतलेला तुकडा दुसऱ्या शहरातील जाणकाराच्या नजरेखालून जाणे आता पूर्वीइतके दुष्कर राहिलेले नाही. विरळ गाठीच्या बाबतीत हे दुसरे वाचन फार मोलाचे असते, कारण पेशींचे हे नमुने ओळखण्याचा सराव मोजक्या विकृतिशास्त्रज्ञांनाच असतो. त्यासाठी छापील अहवाल पुरत नाही. काढलेली गाठ, मग ती कितीही लहान आणि कितीही ‘चरबीची’ दिसो, फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासणीस गेलीच पाहिजे. प्रयोगशाळेत तिचा तुकडा मेणाच्या वडीत बसवितात, आणि त्या वडीवरून काचपट्ट्या तयार करतात. वडी आणि काचपट्ट्या लेखी मागणी केल्यास रोग्याला मिळतात. गाव बदलताना वा मोठ्या रुग्णालयात जाताना त्या एम. आर. आय.च्या चित्रांसह बरोबर न्याव्यात. मेणाची वडी उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये, ती वितळते.